संध्याकाळी येणारा आणि सकाळी ओसरणारा 'लकवा'

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, वय 74, बीपी आणि शुगर दोन्ही. गेल्या चार महिन्यांत तीन वेळा बोलणं जड झालं, डावी पापणी उतरली, एकदा पाणी पिताना नाकातून आलं. दोन वेळा 'छोटा स्ट्रोक' म्हणून ॲडमिट केलं. एमआरआयमध्ये डाग सांगितले आणि रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सुरू केल्या. दर वेळी दोन दिवसांत सुधारून घरी येतात, पुन्हा तेच होतं. दुसऱ्या वेळेच्या आधी छातीतल्या कफासाठी अँटिबायोटिक चालू होतं. आता एका डॉक्टरांनी 'हा मायस्थेनिया (स्नायू लवकर दमण्याचा आजार) असू शकतो' असं म्हटलंय. मुलगी विचारते: हा तर तरुण बायकांचा आजार ना? मग एमआरआयमध्ये दिसलं ते काय? रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करू का? आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, त्याचं काय करायचं?

आधी गोळ्यांचं सांगतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान होईल. स्वतःहून काहीही बंद करू नका. स्ट्रोक की मायस्थेनिया हे अजून ठरायचंय, आणि 74 वर्षांच्या बीपी-शुगरच्या माणसाला दोन्ही एकदम असू शकतात. मात्र डॉक्टरांना हे जरूर विचारा की दोन्ही गोळ्या अजून का चालू आहेत. छोट्या स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र देतात ते साधारण तीन आठवडे, काही वेळा तीन महिने. त्यानंतर बहुतेकांना एकच पुरते. या वयात दोन्ही चालू राहिल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढत जातो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एमआरआयचं वर्णन नाही, तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे: "आप्पा पोथी वाचायला बसले की पहिलं पान खणखणीत असतं, तिसऱ्या पानाला नाकात बोलायला लागतात." हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर कुठेच नाही. त्यावर आहे ते 'अचानक बोलण्यात अडखळणे, डावी पापणी खाली', आणि एवढंच वाचलं तर कोणीही स्ट्रोकच म्हणेल.

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एका भागाचं रक्त तुटतं आणि त्या भागाचं काम जातं. ते काही मिनिटांत जातं आणि मग तिथेच थांबतं, किंवा हळूहळू दिवसा-आठवड्यांनी भरून येतं. सकाळी चांगलं आणि रात्री वाईट, पुन्हा सकाळी चांगलं, असा त्याचा दिनक्रम नसतो. मिनी स्ट्रोक, म्हणजे टीआयए, येऊन जातो हे खरं, पण तोही वाचनाच्या तिसऱ्या पानाची वाट बघत नाही. वापरलं की दमणारं आणि विसावलं की परतणारं जे काही असतं, त्याचा उगम मेंदूपेक्षा स्नायूकडे शोधावा.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये बिघाड असतो नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यात. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या खाचेला, जाऊन लागतं, मग स्नायू आकसतो. या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी ते रिसेप्टर अडवतात आणि नष्ट करतात. एरवीही, लागोपाठ हुकूम सुटत राहिले की दर वेळी सुटणारं रसायन थोडं थोडं कमी होतं. निरोगी माणसात राखीव साठा इतका असतो की ते कळतही नाही. इथे तो साठाच संपलेला असतो. टाकीत पाणी कमी असलं की पहिली बादली झपकन भरते आणि तिसरीला करंगळीएवढी धार लागते, तसं. सबंध दिवस काम करणारे स्नायू म्हणजे पापणी, डोळा फिरवणारे, चावणारे, गिळणारे. म्हणून आजार तिथे आधी दिसतो. दर तीन रुग्णांतल्या सुमारे दोघांची सुरुवात डोळ्यांपासून होते.

वयाबद्दलचा तुमचा समज जुन्या पुस्तकांतून आलाय आणि तो अर्धाच खरा आहे. तरुणपणी हा आजार बायकांत जास्त दिसतो. पण त्याची दुसरी लाट पन्नाशीनंतर येते, आणि त्या लाटेत पुरुष जास्त असतात. अनेक देशांत उतारवयात सुरू होणाऱ्या मायस्थेनियाचं प्रमाण वाढताना दिसलंय. तरी आपल्याकडे सत्तरीच्या माणसाची पापणी उतरली तर घरचे 'वय झालं' म्हणतात, डोळ्यांचे डॉक्टर कधी 'शुगरमुळे नस दबली' म्हणतात, दातांचे डॉक्टर कवळी सैल झाली म्हणून नवी करून देतात (चावताना जबडा दमतो म्हणून माणूस हनुवटीला हात लावून जेवतो, त्याला कवळी काय करणार?), आणि कॅज्युअल्टीत तो स्ट्रोक ठरतो. प्रत्येकाला आपल्या खात्यातलं कारण सापडतं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना मात्र दोष देऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला, म्हणजे ब्रेनस्टेमचा स्ट्रोक अगदी असाच येतो: एकाची दोन दिसतात, बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत आहे. अशा वेळी मायस्थेनियाचा विचार करत बसणारा डॉक्टर मला परवडणार नाही. पहिल्या वेळी स्ट्रोक समजून धावपळ केली ते बरोबरच. चूक झाली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी, जेव्हा जुनी फाइल बघून निदान तसंच पुढे लिहिलं गेलं.

त्यात एमआरआयने भर घातली. सत्तरीच्या, बीपी-शुगरच्या माणसाचा एमआरआय अगदी स्वच्छ येणं हीच दुर्मिळ गोष्ट. पांढऱ्या भागात बारीक डाग, एखादा जुना, मुगाएवढा खड्डा, 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' हे शब्द जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर असतात. ते खरे असतात, पण आजच्या पापणीशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. नवा स्ट्रोक ओळखायचा तो एमआरआयमधल्या डिफ्यूजन नावाच्या खास चित्रांवर. तिथे ताजा भाग काही तासांतच चमकतो आणि आठवडा-दीड आठवडा तसा राहतो. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा 'नो रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' लिहिलंय असं तुम्ही कळवलंत. म्हणजे ताजं काही नव्हतं. एक सावधगिरी: ब्रेनस्टेमचा छोटा स्ट्रोक पहिल्या चोवीस तासांत डिफ्यूजनवरही निसटू शकतो, म्हणून एका स्वच्छ एमआरआयवर सगळं सोडून देता येत नाही. पण तीन झटके, दोन एमआरआय, आणि त्या त्रासाला शोभेल असा डाग एकदाही नाही? इथे निदान पुन्हा पहिल्यापासून तपासायला हवं होतं.

मग ॲडमिट केल्यावर ते दोन दिवसांत बरे कसे व्हायचे? हीच गोष्ट घरच्यांना आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त फसवते. आयसीयूमध्ये माणूस पडून असतो, बोलत नाही, चावत नाही, डोळे मिटून असतो. मायस्थेनियाच्या स्नायूंना तेवढी विश्रांती पुरते. सुधारणा होते आणि तिचं श्रेय सलाइनला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांना जातं. डिस्चार्जनंतर भेटायला माणसं येतात, त्यांच्याशी बोलणं होतं, फिजिओथेरपिस्ट 'जोर लावा आप्पा' म्हणत व्यायाम घेतो, आणि आठवड्याभरात पुन्हा पापणी खाली. काही घरांत याच काळात लकव्याची मालिश आणि गरम शेकही चालतो. गरमीने हा आजार वाढतो, त्यामुळे तेही उलटंच पडतं.

अँटिबायोटिकचा धागाही सोडू नका. त्या वेळचं प्रिस्क्रिप्शन शोधून काढा. ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही सगळी औषधं या सांध्यावरचा संदेश आणखी कमजोर करतात. नुसत्या जंतुसंसर्गानेही मायस्थेनिया उसळतो, त्यामुळे दोष कफाचा की औषधाचा हे नेहमी सांगता येत नाही. पण लपून बसलेला आजार पहिल्यांदा उघडा पडतो तो कित्येकदा असाच. बीपीच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर आहे का तेही बघा. असला तर तो एकदम तोडायचा नाही, हृदयाला झटका बसू शकतो. डॉक्टर तो बदलून देतील.

तपासणीत काय बघायचं, ते थोडं सविस्तर लिहितो, कारण यातलं बरंचसं मशीनशिवाय होतं आणि तालुक्याच्या गावातला एमडी मेडिसिन डॉक्टरही करू शकतो. आप्पांना मान न हलवता छताकडे बघायला लावायचं आणि एक-दीड मिनिट तसंच ठेवायचं. मायस्थेनियात पापणी इंचाइंचाने नाही, मिलीमीटरने, पण डोळ्यांदेखत खाली सरकत येते. मग उतरलेली पापणी बोटाने वर धरायची. दुसऱ्या डोळ्याची पापणी, जी आतापर्यंत बरी वाटत होती, ती खाली येते. ती आतापर्यंत जास्तीचा जोर लावून उभी होती, एवढाच त्याचा अर्थ. नंतर डोळे घट्ट मिटायला सांगायचं. निरोगी माणसाच्या पापण्यांचे केस आत दडतात. इथे केस बाहेरच दिसत राहतात, आणि बोटाने उघडायला गेलं तर डोळे सहज उघडतात. स्ट्रोकमध्ये चेहऱ्याचा खालचा भाग वाकडा होतो, डोळा मिटायची ताकद बरीचशी शाबूत राहते. त्यामुळे ही एक खूण पुष्कळ काही सांगून जाते. बाहुली दोन्हीकडे सारखी आणि उजेडाला नीट आकसणारी असते. गाठीने नस दबली असेल तर चित्र वेगळं असतं, आणि एक बाहुली मोठी दिसली तर ती वेगळीच इमर्जन्सी.

शेवटी एक ते पन्नास मोठ्याने मोजायला लावायचं. पंचविशीपर्यंत आवाज ठीक, तिशीनंतर 'म' आणि 'ब' यांत फरक उरत नाही, चाळिशीनंतर शब्द नाकातून. लक्षात घ्या, आकडे चुकत नाहीत, क्रम चुकत नाही, फक्त उच्चार जातो. स्ट्रोकमध्ये शब्दच सापडत नाहीत किंवा भलताच शब्द येतो असं होऊ शकतं, मायस्थेनियात ते कधीच होत नाही. तसंच अंग एका बाजूने बधिर होणं, एका बाजूचं दिसेनासं होणं, हेही मायस्थेनियाचं नाही.

बर्फाची चाचणी फार साधी आहे. हातमोज्यात किंवा रुमालात बर्फ घेऊन उतरलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरायचा, आधी आणि नंतर मोजपट्टीने डोळ्याची फट मोजायची. दोन मिलीमीटर किंवा त्याहून जास्त उघडली तर संशय पक्का होतो. थंडाव्याने त्या सांध्यावर ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. ही चाचणी डॉक्टरांसमोर करायची. अचानक तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, तर घरी बर्फ शोधत बसायचं नाही, थेट स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्यायचं, मायस्थेनियाचं निदान पक्कं झालेलं असलं तरीही. नव्या झटक्याला नवा झटका समजूनच वागायचं.

पुढच्या तपासण्यांत ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडीची रक्त तपासणी आधी. आजार अंगभर पसरलेला असेल तर शंभरातल्या सुमारे 85 जणांत ती पॉझिटिव्ह येते, नुसता डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने सुटका होत नाही. मग मस्क नावाची दुसरी अँटिबॉडी बघतात आणि आरएनएस करतात, ज्याला लोक 'करंटची तपासणी' म्हणतात. नसेला सेकंदाला तीन वेळा बारीक करंट देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात. तो 10 टक्क्यांहून जास्त घसरत गेला तर दोष सांध्यात आहे. आपल्याकडे निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन बघायचीही पद्धत आहे. ते काम करतं, पण या वयात नाडी फार मंदावू शकते, त्यामुळे ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) हाताशी ठेवून आणि मॉनिटर लावूनच. निदान ठरलं की छातीचा सीटी स्कॅन, कारण 10 ते 15 टक्के रुग्णांत छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीची गाठ निघते आणि ती काढावी लागते. गाठ नसेल तर सत्तरीपुढे ग्रंथी काढण्याचा आग्रह मी धरत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्या ऑपरेशनचा फायदा दिसला, पण तीत 65 वर्षांपर्यंतचेच रुग्ण घेतले होते.

स्ट्रोक आणि मायस्थेनिया सोडून आणखीही नावं या यादीत आहेत. त्यातलं एक सांगायलाच हवं: मोटर न्यूरॉन डिसीज. त्यातही म्हाताऱ्या माणसाचं बोलणं जड होतं आणि त्यालाही आधी स्ट्रोकच म्हटलं जातं. पण ते महिन्यामहिन्याने वाढत जातं, सकाळी परत येत नाही, जीभ बारीक होते आणि तिच्यावर अळ्या वळवळल्यासारखी हालचाल दिसते. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

थोडं विषयांतर करतो. या सांध्याचं कोडं सुटलं ते विषांच्या मदतीने. 1934 साली लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट अल्फेज हॉस्पिटलातल्या मेरी वॉकर या डॉक्टरांना मायस्थेनियाचे रुग्ण क्युरारे या विषाने लुळ्या पडलेल्या माणसासारखे वाटले. म्हणून त्यांनी क्युरारेचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून बघितला आणि पापणी वर गेली. पुढे 1973 साली रुग्णांच्या स्नायूंवरचे रिसेप्टर कमी झालेत हे मोजून दाखवलं गेलं, आणि मोजायला वापरलं ते तैवानमधल्या मण्यारीचं विष. आपल्याकडे मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे उतरलेल्या असतात हे गावोगावच्या डॉक्टरांना माहीत असतं. ते विषही याच सांध्यावर घाव घालतं. जो डॉक्टर पावसाळ्यात उतरलेली पापणी बघून साप आठवतो, त्याला उरलेल्या आठ महिन्यांत मायस्थेनिया आठवायला जड जाऊ नये.

उपचाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून: पायरिडोस्टिग्मिन ही पहिली गोळी. तिचा असर तीन-चार तास टिकतो, म्हणून दिवसातून अनेकदा घ्यावी लागते, आणि जेवणाआधी अर्धा तास घेतली तर घास गिळणं सोपं जातं. या वयात अर्ध्या गोळीने सुरू करतात. पोटात मुरडा, जुलाब, लाळ वाढणं हे तिचे त्रास. ती लक्षणं झाकते, आजार आवरत नाही. आवरायला स्टेरॉइड लागतं, आणि इथे घाई करणारे डॉक्टर अडचणीत येतात: मोठ्या डोसने सुरू केलं तर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत आजार उलट उसळू शकतो. कमी डोसने सुरू करून चढवत जायचं. आप्पांची शुगर वाढणार हे धरूनच चाला, त्याची तयारी आधी करा. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून बरोबर ॲझाथायोप्रिन देतात, पण तिचा गुण यायला सहा महिने ते वर्ष जातं आणि रक्ताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. धीर धरला तर उतारवयातले रुग्ण औषधांना बहुधा चांगले साथ देतात. आप्पांनी पुन्हा भाकरी चावून खावी ही अपेक्षा अवास्तव नाही.

भीती एकाच गोष्टीची बाळगा, श्वासाची. आप्पांना खोल श्वास घ्यायला सांगून एका दमात किती आकडे मोजता येतात ते रोज बघा आणि लिहून ठेवा. आकडा दिवसेंदिवस घसरत विशीच्या आत आला, आडवं झोपवत नाही, मान टाकतात, लाळही गिळता येत नाही, खोकला फुसका होतो, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 97 दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. या आजारात ऑक्सिजन अगदी शेवटी घसरतो. अशा वेळी व्हेंटिलेटर आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायच्या तयार अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलायची सोय असलेलं हॉस्पिटल लागतं. तुमच्यापासून सगळ्यात जवळचं असं हॉस्पिटल कोणतं आणि रात्री तिथे कोण असतं, ते आजच विचारून ठेवा.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना जाड फाइलपेक्षा फोन उपयोगी पडेल. चार-पाच दिवस, सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी, एकाच जागी एकाच उजेडात चेहऱ्याचा फोटो काढा, आणि पोथीचं एकच पान वाचतानाचा व्हिडिओ दोन्ही वेळा घ्या. एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी न्या. त्या काळातली सगळी प्रिस्क्रिप्शनं न्या, सर्दी-खोकल्याचीसुद्धा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकला. तीन-चार महिने थांबल्याने मोतीबिंदूचं सहसा काही बिघडत नाही, आणि आत्ता केलं तर नंतर दोन दिसलं की दोष लेन्सला जाईल. निदान होऊन औषधांनी आप्पा स्थिर झाले की खुशाल करा. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना मायस्थेनियाचं आधी सांगा, भुलीच्या डॉक्टरांनाही. काचबिंदूसाठी देतात तो टिमोलॉलचा थेंबही बीटा-ब्लॉकरच आहे, आणि डोळ्यात घातलेला थेंब अंगात उतरतो. सध्या असा एखादा थेंब चालू असेल तर त्या बाटलीचा फोटोही बरोबर घ्या.